राजाचा हुकूम : बोलण्यापासून दगडापर्यंत

"वरून ऑर्डर आली आहे." हे वाक्य कधीच ऐकलं नाही असा विद्यार्थी आपल्या कॉलेजात शोधून सापडणार नाही. हॉस्टेलचं गेट रात्री किती वाजता बंद होणार, सबमिशनची शेवटची तारीख कोणती, जर्नलला कोणत्या रंगाचं कव्हर घालायचं, सगळं कसं वरून येतं! पण मित्रहो, ही ऑर्डर वर नेमकी तयार कशी होते, तिथून खाली कशी येते आणि वाटेत तिच्यावर कोणाकोणाचे हात फिरतात, याचा विचार आपण क्वचितच करतो.

राजेमहाराजांच्या बाबतीत तर आपला समज सिनेमा आणि सीरियलवर पोसलेला. राजा सिंहासनावर बसतो, हात वर करतो, "ही आमची आज्ञा आहे" म्हणतो, आणि पुढच्याच सीनला काम झालेलं असतं. प्रत्यक्षात इतकं सोपं कधीच नव्हतं. राजाच्या तोंडून शब्द निघाला की हुकूम तयार होत नसे, तिथून त्याची फक्त सुरुवात होत असे. तो लिहायचा कोणी, तपासायचा कोणी, नोंदवायचा कुठे आणि जमिनीवर उतरवायचा कोणी, या प्रश्नांची उत्तरं दोन हजार वर्षांपूर्वीच्या लोकांनी फार नीट शोधून ठेवली होती. आणि ती वाचायला लांब जायला नको. आपल्या मुरबाड-शहापूरच्या दोन बाजूंना दोन घाट आहेत, त्यांच्या माथ्यावर आणि पलीकडे ही उत्तरं दगडात कोरलेली आहेत.

नाणेघाटाच्या पायथ्याशी

पावसाळा आला की आपली पोरं मुरबाडवरून टोकावड्यामार्गे वैशाखरे गावात उतरतात आणि नाणेघाट चढतात. वर पोचल्यावर मोठा दगडी रांजण दिसतो. जकातीची नाणी त्यात टाकत असत अशी त्याची ख्याती आहे. रांजणापाशी फोटो होतात आणि शेजारच्या गुहेत बसून डबे उघडले जातात. ज्या भिंतीला आपण पाठ टेकवतो, तिच्यावर ब्राह्मी लिपीत सातवाहनांचा मोठा लेख आहे. राणी नागनिकेच्या काळचा, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला. कोणकोणते यज्ञ केले, दक्षिणेत किती गाई, किती घोडे, किती कार्षापण दिले, याची ती यादी आहे. आकडे तर इतके जुने की भारतीय अंकचिन्हांच्या इतिहासात या भिंतीचं नाव घ्यावंच लागतं. समोरच्या भिंतीवर राजघराण्याचे पुतळे होते. आता त्यांची पावलं आणि वर कोरलेली नावं तेवढी उरली आहेत.

नाणेघाटाचा लेख हा हुकूम नव्हे, तो दानधर्माचा जाहीर हिशोब आहे. पण त्यावरून एक गोष्ट कळते. या घराण्याला आकडे लिहून ठेवायची सवय होती, आणि तेही जिथून व्यापाऱ्यांचे तांडे रोज ये-जा करतात अशा वाटेवर. याच घराण्यातल्या पुढच्या राजांचे खरेखुरे हुकूम वाचायचे तर दुसरा घाट धरावा लागतो. शहापूरवरून नाशिक हायवेने कसारा घाट चढायचा आणि नाशिक शहर येण्याआधी पांडवलेण्यांच्या डोंगराशी उतरायचं. तिथल्या क्रमांक ३ च्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीचे दोन हुकूम कोरलेले आहेत. ते जसे काढले गेले, त्याच भाषेत आणि तारखांसकट!

आधी थोडी थिअरी

हुकूम कसा लिहावा याचं पुस्तकी ज्ञान त्या काळात होतं का? होतं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दुसऱ्या अधिकरणात 'शासन' म्हणजे राजाच्या लेखी आज्ञेवर एक स्वतंत्र प्रकरणच आहे. लेखक कसा असावा? अमात्याच्या योग्यतेचा, सगळ्या रीतिभाती जाणणारा, झटकन वाक्य जुळवणारा, अक्षर सुंदर असणारा आणि दुसऱ्याचं लिहिलेलं वाचता येणारा. त्याने राजाचं म्हणणं एकाग्रपणे ऐकायचं, अर्थ पक्का करायचा आणि मगच लिहायचं.

चांगल्या लेखाचे सहा गुण तिथे दिले आहेत : अर्थक्रम, संबंध, परिपूर्णता, माधुर्य, औदार्य आणि स्पष्टता. दोष पाच : अकांती (कळकट कागद, खराब अक्षर), व्याघात (आधीच्याशी पुढचं न जुळणं), पुनरुक्त, अपशब्द (व्याकरणाच्या चुका) आणि संप्लव (नको तिथे तोडणं-जोडणं). मला तर वाटतं, ही पाच नावं आपल्या प्रॅक्टिकलच्या जर्नलवर शेरा म्हणून मारायला उत्तम आहेत. पाचही दोष एकाच पानावर सापडतील अशी जर्नल्स आपल्या प्रत्येक बॅचमध्ये आहेत!

याच प्रकरणात शासनाचे प्रकारही सांगितले आहेत. त्यातला 'परिहार' हा प्रकार लक्षात ठेवा. परिहार म्हणजे सवलत, सूट. हा शब्द पुढे पुन्हा भेटणार आहे.

अशोकाचे लेख तर सगळ्यांना शाळेपासून माहीत. त्यांतले दोन तुकडे आपल्याच भागात, सोपाऱ्याला सापडले. पहिला १८८२ साली भगवानलाल इंद्रजींना आणि दुसरा १९५६ मध्ये. सोपारा तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं, २०१४ पासून पालघर जिल्ह्यात गेलं. अशोकाच्या सहाव्या शिलालेखात एक मजेशीर तरतूद आहे. राजा म्हणतो, मी तोंडी दिलेल्या आज्ञेवरून परिषदेत वाद झाला तर मला ताबडतोब कळवा, मी कुठेही असलो तरी आणि कोणत्याही वेळी. म्हणजे तोंडी आज्ञेवर मंत्र्यांमध्ये वाद होऊ शकतो हे सम्राटाने स्वतःच धरून चाललेलं आहे. चौदाव्या लेखात तर तो कबूलच करतो की काही ठिकाणी मजकूर अपुरा कोरला गेला असेल आणि त्यात लेखनिकाचा दोषही असू शकतो. प्रिंटिंग मिस्टेकची इतकी जुनी कबुली दुसरी कुठे मिळणार?

हुकूम नंबर १ : वर्ष १८

आता पांडवलेण्यात येऊ. गौतमीपुत्राने क्षहरात घराण्याच्या नहपानाचा पराभव केला होता. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभी इथे नहपानाची १३ हजारांहून जास्त चांदीची नाणी सापडली. त्यातल्या बहुतेकांवर गौतमीपुत्राने पुन्हा स्वतःचा छाप मारलेला आहे. सत्ता बदलली हे गावोगाव कळवायची ही एक पद्धत. दुसरी पद्धत म्हणजे हुकूम.

हुकूम विजयी सैन्याच्या छावणीतून निघाला आहे आणि गोवर्धनच्या (नाशिकजवळचं आजचं गोवर्धन) अमात्य विष्णुपालिताला उद्देशून आहे. मजकूर असा : पश्चिम काखडी गावातलं जे शेत पूर्वी उषवदाताच्या (नहपानाच्या जावयाच्या) ताब्यात होतं, ते २०० निवर्तनं शेत आम्ही त्रिरश्मी डोंगरावरच्या भिक्षूंना देत आहोत. या शेताला परिहारही देत आहोत.

परिहार कोणते, ते एकेका शब्दात दिले आहेत. 'अपावेस' म्हणजे राजाच्या माणसांनी त्यात शिरू नये. 'अनोमस' म्हणजे हात लावू नये. 'अलोणखादक' म्हणजे मिठासाठी तिथे खणू नये, कारण मीठ राजाच्या हक्काचं. 'अरठसविनयिक' म्हणजे जिल्ह्याच्या अंमलदारांनी तिथे दखल देऊ नये. आणि शेवटी 'सवजातपारिहारिक' म्हणजे थोडक्यात सगळ्या प्रकारच्या सवलती. नुसतं "शेत दिलं" म्हणून भागत नाही. शेत दिल्यावर कोणकोण येऊन त्रास देऊ शकतो याची यादी करून एकेकाची वाट बंद केली आहे. हा ड्राफ्ट ज्याने केला त्याला खालच्या ऑफिसांचा दांडगा अनुभव असला पाहिजे!

क्षेत्र लिहिताना आणखी एक खुबी आहे. 'दोनशे निवर्तनं' असं अक्षरात लिहून पुढे २०० हा आकडाही दिला आहे. बँकेच्या चेकवर आपण अक्षरी आणि अंकी रक्कम लिहितो ना, अगदी तसंच. एकात खाडाखोड झाली तरी दुसरं साक्षीला उभं राहतं.

खरी गंमत हुकमाच्या शेवटी आहे. ड्रॉइंगच्या शीटवर उजव्या कोपऱ्यात आपण टायटल ब्लॉक काढतो. ड्रॉन बाय, चेक्ड बाय, अप्रूव्ह्ड बाय, डेट. या हुकमालाही तसाच टायटल ब्लॉक आहे :

१. 'अवियेन आणतं' : आज्ञा तोंडी दिली.
२. लिहिली कोणी : अमात्य शिवगुप्त याने.
३. राखली कोणी : महासामिय नावाच्या अधिकाऱ्यांनी.
४. पटिका (दस्तऐवज) दिली कधी : वर्ष १८, पावसाळ्याचा दुसरा पंधरवडा, दिवस १.
५. पूर्तता कोणी केली : तापस याने.

शिवाय मजकुरातच अमात्याला बजावलं आहे की हे शेत आणि हे परिहार इथे नोंदवून घे. म्हणजे बोलणारा वेगळा, लिहिणारा वेगळा, सांभाळणारा वेगळा, अंमल करणारा वेगळा. कुठे गडबड झाली तर कोणाला विचारायचं हे दगडावरच लिहिलेलं आहे. नोंदणीची ही रीत शत्रूकडेही होती. याच डोंगरावर क्रमांक १० च्या लेण्यात उषवदाताचा लेख आहे. आपलं दान निगमसभेत वाचून दाखवलं आणि रिवाजाप्रमाणे फलकावर नोंदवलं, असं तो सांगतो. राजे एकमेकांशी लढत होते, पण दप्तराची शिस्त दोघांचीही सारखीच होती.

हुकूम नंबर २ : वर्ष २४

इथपर्यंत सगळं आदर्श आहे. हुकूम निर्दोष, नोंद पक्की, तारीख स्पष्ट. आता त्याच्या खालचा दुसरा हुकूम वाचा.

हा सहा वर्षांनंतरचा आहे. गोवर्धनच्या अमात्याच्या जागी आता श्यामक आला आहे. विष्णुपालिताची बदली झाली म्हणायची! हुकूम राजाच्या आणि राजमातेच्या, दोघांच्या नावाने आहे. सुरुवात फार छान आहे : श्यामकाला 'आरोग' म्हणजे क्षेमकुशल विचारावं आणि मग असं सांगावं. दोन हजार वर्षांपूर्वीचा सर्वसत्ताधीश राजासुद्धा आधी "तब्येत बरी ना?" विचारतो आणि मग कामाचं बोलतो. आपल्याकडच्या नोटिसांनी हे शिकायला हरकत नाही.

पुढचा मजकूर असा आहे : आम्ही पूर्वी भिक्षूंना काखडी गावात शेत दिलं होतं. पण ते शेत कसलं जात नाही आणि ते गावही वसलेलं नाही. तेव्हा नगराच्या सीमेवर आमचं जे राजकीय शेत आहे, त्यातून १०० निवर्तनं जमीन भिक्षूंना देत आहोत. पुढे तेच परिहार, तेच नोंदवून घेण्याचं बजावणं. आज्ञा याही वेळी तोंडी, पण लिहिणारं माणूस वेगळं : लोटा नावाची द्वाररक्षिका. शब्दाचं रूप स्त्रीलिंगी आहे, म्हणजे राजाचा हुकूम लिहिण्याच्या साखळीत बाईचं नाव आहे. पूर्तता सुजीवीने केली. तारखा दोन आहेत, दोन्ही वर्ष २४ च्याच. एक उन्हाळ्याच्या दुसऱ्या पंधरवड्यातला दहावा दिवस, दुसरी पावसाळ्याच्या चौथ्या पंधरवड्यातला पाचवा दिवस. चार महिन्यांचा एक ऋतू, म्हणजे आठ पंधरवडे, असं धरून हिशोब केला तर दोन तारखांत जवळजवळ पाच महिन्यांचं अंतर पडतं. राजाचं काम, तेही राजमातेचं नाव लावलेलं, त्याच्या कागदावरही पाच महिने अंतराच्या दोन तारखा!

हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ त्या ओळींपाशी अडकून राहिलो. पहिल्या हुकमात एकही चूक नव्हती. क्षेत्र अक्षरात होतं, आकड्यात होतं. सवलती होत्या, नोंद होती. पण नुकतंच युद्ध होऊन गेलेल्या मुलखात ते गावच ओसाड होतं. कागदावर भिक्षू २०० निवर्तनांचे मालक होते आणि प्रत्यक्षात त्यांच्या भिक्षापात्रात त्या शेताचा एक दाणाही येत नव्हता. कागद शंभर टक्के बरोबर आणि पोट रिकामं!

मला मोठेपणा वाटतो तो पुढच्या गोष्टीचा. डोंगरावरच्या कोणीतरी ही परिस्थिती राजापर्यंत पोचवली असणार. आणि राजाने ती दडपली नाही. "आम्ही दिलेलं शेत कसलं जात नाही" हे वाक्य त्याने स्वतःच्याच हुकमात घातलं आणि ते स्वतःच्याच पहिल्या हुकमाच्या शेजारी कोरू दिलं. इंजिनिअरिंगच्या भाषेत, जुनी शीट फाडून न टाकता तिच्यावर रिव्हिजन नंबर टाकला, कारण लिहिला आणि दोन्ही शीट फाइलला ठेवल्या.

ही रिव्हिजन एकदाच झाली असंही नाही. गौतमीपुत्राचा मुलगा वासिष्ठीपुत्र पुळुमावी याने आपल्या १९ व्या वर्षी या लेण्याच्या खर्चासाठी गाव दिलं आणि २२ व्या वर्षी ते बदलून दुसरं, सामलिपद नावाचं गाव दिलं. तो हुकूमही तिथेच कोरला आहे. राजा बदलला, अमात्य बदलला, पण दुरुस्तीचा रस्ता तोच राहिला.

त्याच सुमाराला चीनमध्ये

आता थोडं जगाकडे बघू. राजाज्ञेचं शास्त्र सर्वांत बारकाईने कोणी घडवलं असेल तर ते चीनने. इ.स.पू. २२१ मध्ये चीन एका छत्राखाली आणणाऱ्या पहिल्या सम्राटाने हुकमासाठी खास शब्दच राखून ठेवले. ते शब्द इतर कोणाच्या आज्ञेला वापरायचे नाहीत.

पुढे हान राजवटीत हुकूम बांबूच्या आणि लाकडाच्या पट्ट्यांवर लिहीत. वायव्य सीमेवर च्यूयेन इथल्या सैनिकी चौक्यांमध्ये अशा हजारो पट्ट्या सापडल्या आहेत. त्यात इ.स.पू. ६१ च्या एका हुकमाची नक्कल आहे. विषय साधा : उन्हाळ्यातल्या सर्वांत मोठ्या दिवशी विहिरी उपसून ताजं पाणी घ्यावं, विस्तव नवा पेटवावा आणि कामकाजाला विश्रांती द्यावी. पण त्या पट्ट्यांवर हुकमाचा सगळा प्रवास दिसतो. खालच्या एका अधिकाऱ्याने सुचवलं, त्याच्या वरच्याने पुढे पाठवलं, मंत्र्याने सम्राटापुढे मांडलं, सम्राट म्हणाला "मंजूर", आणि मग तोच कागद पायरी-पायरीने खाली उतरत वाळवंटातल्या चौकीपर्यंत गेला. ज्याला आपण सम्राटाचा हुकूम म्हणतो, त्यात सम्राटाचा शब्द एकच होता!

थांग राजवटीत (इ.स. ६१८ ते ९०७) तर तीन स्वतंत्र खाती होती. एकाने मसुदा करायचा, दुसऱ्याने तपासायचा, तिसऱ्याने अंमलात आणायचा. दुसऱ्या खात्याला मसुदा पटला नाही तर हरकत लिहून तो परत पाठवायचा अधिकार होता. सम्राटाच्या नावाचा कागद सम्राटाचाच नोकर परत पाठवतो! आपल्या सबमिशनला सर 'रिपीट' मारतात तेव्हा हे आठवून मनाचं समाधान करून घ्यावं.

शिक्कामोर्तब

आपल्या मराठीत एक शब्द रोज वापरला जातो : शिक्कामोर्तब. "त्याच्या सिलेक्शनवर शिक्कामोर्तब झालं" असं आपण सहज म्हणतो. हा शब्द थेट मराठ्यांच्या दप्तरातून आलेला आहे. छत्रपतींच्या पत्राच्या माथ्यावर मुद्रा म्हणजे शिक्का असे आणि मजकूर संपला की शेवटी लहान मोर्तब. मोर्तबाचा अर्थ इथे लेखनाची मर्यादा झाली. त्यामुळे मधल्यामध्ये कोणी एखादी ओळ आपल्या पदरची घुसडू शकत नसे. कागद मोडीत लिहिला जाई, चिटणीस मसुदा करी आणि सचिवाचं (आधीचा सुरनीस) कामच हे होतं की राजपत्रातलं अधिक-उणं अक्षर तपासून शुद्ध करायचं आणि मग आपली संमती नोंदवायची. त्या वेळच्या चिटणीसांत बाळाजी आवजी आणि सुरनिसांत अण्णाजी दत्तो ही नावं प्रसिद्ध आहेत. पुढे पेशवाईत कागद इतके वाढले की पुण्याच्या पुराभिलेखागारातलं पेशवे दप्तर अभ्यासकांच्या पिढ्यांना पुरून उरलं आहे.

कागद आणि जमीन यांचं नातं कसं असतं याला आसनगाव स्टेशनवरून दिसणारा आपला माहुली किल्लाही साक्षी आहे. १६६५ च्या पुरंदरच्या तहात जे २३ किल्ले मोगलांना द्यावे लागले त्यात माहुली होता. १६७० मध्ये तो मराठ्यांनी परत घेतला. पहिला हल्ला फसला आणि काही महिन्यांनी किल्ला हाती आला. शाईने गेलेला किल्ला नुसत्या शाईने परत येत नाही, हे इथल्या कड्यांनी पाहिलं आहे.

आमच्या पाड्यावरचा कागद

आता तुम्ही म्हणाल, सिव्हिलच्या पोराला ही जुनी शेतं कशाला हवीत? सांगतो.

मी मुरबाड तालुक्यातल्या एका पाड्यावरचा. आमची वरकस जमीन आजोबांच्या आधीपासून आम्ही कसतो. नाचणी आणि वरी, मधल्या घळीत थोडं भात. ती वनखात्याच्या हद्दीत, त्यामुळे आमच्या नावावर नव्हती. २००६ साली वनहक्क कायदा झाला, २००८ मध्ये त्याचे नियम आले आणि पाड्यावर अर्ज भरले गेले. या कायद्याची साखळीसुद्धा बघण्यासारखी आहे. आधी ग्रामसभा आणि तिची वनहक्क समिती, मग उपविभागीय समिती, मग जिल्हास्तरीय समिती. शेवटी हक्काच्या पत्रावर तीन अधिकाऱ्यांच्या सह्या. लग्न झालेलं असेल तर कागद नवरा-बायको दोघांच्या नावाने. राजा आणि राजमाता दोघांच्या नावाने निघालेला तो हुकूम वाचला तेव्हा मला पहिल्यांदा आठवला तो आमचा कागद, ज्यावर बाबांच्या बरोबरीने आईचं नाव आहे. आईचं नाव कोणत्याही जमिनीच्या कागदावर लागण्याची आमच्या घरातली ती पहिलीच वेळ. त्या दिवशी आईने तो कागद देव्हाऱ्यात ठेवला होता.

कागदात काही कमी नव्हतं. नावं बरोबर, सह्या बरोबर, शिक्का बरोबर. सर्व्हेइंगचा विषय शिकल्यावर एका सुट्टीत मी सोबतचा नकाशा घेऊन जमिनीवर गेलो. तेव्हा लक्षात आलं की नकाशातला तुकडा घळीच्या पलीकडे, कातळावर पडतोय. आम्ही कसतो ती जमीन अलीकडे, आणि ती कागदाच्या बाहेर. म्हणजे आमची काखडीच झाली होती की! हक्क मिळाला होता, पण कातळाचा. नांगर चालत होता ती जागा अजूनही कागदावर कोणाचीच नव्हती. उद्या कोणी येऊन "इथून उठा" म्हणाला असता तर दाखवायला काही नव्हतं.

बाबा म्हणाले, "सरकारी कागद आहे, त्याला कोण बदलणार? आहे ते जाईल." पाड्यावरच्या चार जाणत्यांचंही तेच म्हणणं पडलं. मग मी त्यांना अंगणात बसून पांडवलेण्यातली ही गोष्ट सांगितली. राजाने दिलेलं शेत ओसाड निघालं, भिक्षूंनी कळवलं, राजाने बदलून दिलं आणि ते दगडावर लिहून ठेवलं. बाबा सगळं ऐकून घेऊन एवढंच म्हणाले, "त्यांनी सांगितलं म्हणून झालं ना? मग आपणपण सांगू."

त्यानंतर जे झालं त्यात नाट्य काही नाही. एका कार्यालयात अर्ज घेतला गेला नाही, दुसऱ्या वेळी साहेब रजेवर होते, तिसऱ्या वेळी पोच मिळाली. ग्रामसभेत ठराव झाला. जीपीएसवर पुन्हा मोजणी झाली तेव्हा चारही कोपऱ्यांवर आई स्वतः उभी राहिली. आजच्या तारखेला प्रकरण वर गेलेलं आहे, निकाल यायचा आहे. पाड्यावरच्या आणखी काही घरांनी आपापले नकाशे काढून बघितले आणि त्यांच्यातल्या काहींचे अर्जही आता आमच्या मागोमाग गेले आहेत.

मग आपण काय घ्यायचं?

मित्रहो, आपल्यातले निम्मे लोक उद्या कोणत्या ना कोणत्या ऑफिसात बसून हुकूम तयार करणाऱ्या साखळीत असतील. कोणी ड्रॉइंगवर सही करेल, कोणी मोजणीच्या शीटवर, कोणी टेंडरवर. तेव्हा या जुन्या लोकांकडून चार गोष्टी उचलाव्यात असं मला वाटतं. आकडा अक्षरातही लिहावा. लिहिलं कोणी, तपासलं कोणी, तारीख कोणती, हे लपवू नये. सवलत द्यायची तर ती कोण अडवू शकतो याचा आधीच विचार करावा. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, कागद गेल्यावर एकदा तरी जाऊन बघावं की तिथे शेत आहे की कातळ.

आणि जे साखळीच्या खालच्या टोकाला आहेत, त्यांनी पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. भिक्षूंनी गप्प बसायचं ठरवलं असतं तर दुसरा हुकूम निघालाच नसता.

जाता जाता एक सूचना. येत्या पावसाळ्यात नाणेघाटाला जाल तेव्हा गुहेतल्या भिंतीला पाठ टेकण्याआधी टॉर्च मारून ती अक्षरं एकदा बघा. त्यांच्यावर आपलं नाव कोरू नका, डब्याचे हात पुसू नका. आणि सुट्टीचा एखादा रविवार मोकळा असेल तर कसारा घाट चढून पांडवलेण्यांना जा. पायऱ्या बऱ्याच आहेत, पाण्याची बाटली बरोबर ठेवा.

(तृतीय वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी)